संघटनेची सतरंजी

मी सतरंजी बोलतोय.

'बोलतेय' म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण माझा जन्म कोल्हापूरचा, आणि कोल्हापूरच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. त्यात त्यांना कमीपणाही वाटत नाही आणि मोठेपणाही. म्हणून पहिलं वाक्य घरच्या बोलीत घेतलं. पुढचं सगळं शाळेत शिकवल्यासारखं सांगते.

माझा जन्म तुरुंगात झाला. यात लाजण्यासारखं काही नाही. कळंब्याच्या कारागृहात माग आहेत आणि तिथले कैदी सतरंज्या विणतात. मला विणणारा माणूस फार कमी बोलायचा. निळा पट्टा, मग तांबडा, मग परत निळा. चुकलं की तो उसवायचा आणि पुन्हा विणायचा. त्याला घाई नव्हती. ब्याण्णव सालच्या सुमारास माझी घडी घालून मला विक्रीच्या खोलीत ठेवलं. मी सुटले, तो आत राहिला.

मला विकत घेतलं चन्नवीरअण्णांनी. अण्णा मूळचे कुरुंदवाडचे. कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून, आणि तिथल्या कर्मचारी संघटनेचे सचिव. दवाखान्याचं नाव मी घेत नाही. माझ्या ओळखीच्या बऱ्याच बायकांच्या पेन्शनचे कागद अजून तिथंच अडकलेत.

संघटनेची खोली रुग्णवाहिकेच्या शेडमागे होती. तिथल्या कपाटावर मी कित्येक वर्षं पडून होते. वार्षिक सभा असली की मला खाली काढायचे. कुणी निवृत्त झालं की काढायचे. निरोपाच्या दिवशी निवृत्त होणाऱ्याला खुर्ची मिळायची आणि बाकीचे माझ्यावर बसायचे. ज्या साहेबानं त्या माणसाची रजा आयुष्यभर नाकारली, तोच उभा राहून 'यांची उणीव भासेल' असं म्हणायचा. सगळे टाळ्या वाजवायचे. मग चिवड्याच्या पुड्या यायच्या. चिवड्यातले शेंगदाणे माझ्या विणीत अडकायचे आणि पुढच्या निवृत्तीपर्यंत तिथंच राहायचे.

शालूबाईंची आणि माझी ओळख अशाच एका सभेत झाली.

शालूबाई गडमुडशिंगीच्या. रोज एसटीनं यायच्या. दवाखान्यात सफाईचं काम, कायम नोकरी. नवरा प्रसेनजीत शिरोलीच्या फौंड्रीत होता. फौंड्री कधी चालायची, कधी नाही. शालूबाईंना दवाखान्यात नावानं कुणी हाक मारत नसे. डॉक्टर, नर्सा, पेशंट, पेशंटचे पावणे, सगळे 'मावशी' म्हणत. एका वॉर्डात चार मावश्या असल्या आणि कुणी 'मावशी' अशी हाक मारली, की जिच्या हातात बादली असेल ती जायची.

त्या सभेत माझ्यावर बसूनही शालूबाई काही बोलल्या नाहीत. चिवडा पदरात बांधून घरी नेला. तेव्हा त्या बोलणाऱ्या बाई आहेत असं मला वाटलं नव्हतं. सतरंजीला माणसं खालून दिसतात, त्यामुळे अंदाज चुकतो.

पुढं चौऱ्याण्णव साली कचऱ्याची पिशवी उचलताना शालूबाईंच्या तळहाताला वापरलेली सुई टोचली. तेव्हा कायम माणसांसाठी नियम होता. दवाखान्यातच उपचार झाले, भरपगारी रजा मिळाली. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. बाई कामावर आल्या आणि त्याच वॉर्डात पुन्हा पिशव्या उचलू लागल्या. याची कुठं बातमी झाली नाही, व्हायचं कारणही नव्हतं.

काही वर्षांनी दवाखान्यात कंत्राटदार आला. निवृत्त झालेल्यांच्या जागी नवी माणसं भरणं बंद झालं आणि त्या जागी कंत्राटी बायका आल्या. त्यांच्यातली एक निशा. तीही मुडशिंगीचीच, शालूबाईंच्या गल्लीतली. शालूबाईंना आत्ती म्हणायची. काम तेच, पिशव्या त्याच, साडीचा रंग तेवढा वेगळा.

दोन हजार साली निशाला सुई टोचली.

ती अपघात विभागात गेली. तिथं विचारलं, "कायम का कंत्राटी?" कंत्राटी म्हटल्यावर सांगितलं, "बाहेरनं आलेल्या पेशंटसारखा केसपेपर काढा." ती रांगेत उभी राहिली. दुपारी कंत्राटदाराचा मुकादम आला. बोटाचं काय झालं हे त्यानं विचारलं नाही. उद्यापासून येऊ नको, एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात अण्णांच्या कानावर आलं की मुंबईत नवा मसुदा तयार झालाय. सरकारी दवाखान्यांतली सगळी सफाई कंत्राटावर द्यायची. कायम असलेल्यांना 'अतिरिक्त' ठरवून कुठंही पाठवायचं, जायचं नसेल तर घरी बसायचं. मसुदा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यायचा होता.

सभा बोलावली. मला खाली काढलं, झटकलं. खोली गच्च भरली. पुरुष म्हणाले, काम बंद करूया. जोरात म्हणाले. प्रत्येकजण आधीच्यापेक्षा जोरात म्हणाला.

तेवढ्यात शालूबाई दारात आल्या. बरोबर निशा. तिच्या बोटाला चिंधी होती.

अण्णा नियमाचे माणूस. ते उठून हळू म्हणाले, "अक्का, राग मानू नका. ही आपली सभासद नाही. कंत्राटी कामगार संघटनेच्या घटनेत बसत नाही."

"घटनेत बसत न्हाय, ते ऱ्हाऊ दे," शालूबाई म्हणाल्या. "सतरंजीवर बसंल की."

आणि निशाला हाताला धरून त्यांनी माझ्या निळ्या पट्ट्यावर बसवलं. अण्णांनी घटनेत पाहिलं. सतरंजीबद्दल तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मग शालूबाई पहिल्यांदा सभेत बोलल्या. "काम बंद केलं तर घाण कुणाच्या उशाला साठणार? पेशंटच्या. शिव्या कुणाला बसणार? आमाला. कायदा करणाऱ्याच्या घरात तर काय घाण साठत न्हाय. जो कायदा करतोय त्याच्या दारात जाऊन बसू. आमदार आपल्याच गावचा हाय, रस्ता म्हाईत हाय."

अशी माझी आणि राजकारणाची ओळख झाली.

आमदारसाहेबांच्या बंगल्यापुढं मोठी पडवी होती. रविवारी सकाळी तिथं लोक जमायचे. कुणाला बदली हवी, कुणाला बदली नको, कुणाला लग्नाची पत्रिका द्यायचीय, कुणी नुसतंच नमस्काराला. आम्ही पडवीच्या कडेला बसलो. मी खाली, बायका माझ्यावर, अण्णा निवेदन घेऊन उभे. साहेबांचा पीए बाहेर येऊन म्हणाला, "साहेब पूजेत हायत." साहेबांची पूजा फार सविस्तर असायची.

शेवटी साहेब आले आणि झोपाळ्यावर बसले. निवेदन घेतलं. फोटो झाला. मग माझ्याकडं बघून गहिवरले.

"मी बी सतरंज्या उचलूनच वर आलोय," ते म्हणाले. "कार्यकर्त्याचं दुःख मला सांगायला नको. बघतो."

'बघतो' या शब्दावर त्या दिवशी सगळे खुश होते. पुढच्या रविवारीही साहेब 'बघतो' म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की साहेबांची नजर चांगली होती, पण ती निवेदनावर पडत नव्हती.

आम्ही मात्र रविवार चुकवला नाही. एका रविवारी पडवीत पाचोळा साठला होता. पीए अवघडून बायकांजवळ आला. "बसल्या बसल्या जरा झाडून काढलं असतं तर... तुमच्या हाताला सवयच हाय."

झुंबरबाई उठायलाच लागल्या. त्या संघटनेतल्या सगळ्यांत जुन्या, निवृत्तीला आलेल्या. झाडू दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा. शालूबाईंनी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं.

"आज आमची आठवड्याची सुट्टी हाय, पावणं," त्या पीएला म्हणाल्या. "ती ऱ्हावी म्हणूनच हितं आलोय. आज तुमच्यात झाडलं तर सायबाला काय सांगायचं?"

पीए आत गेला. थोड्या वेळानं झाडू घेऊन स्वतःच बाहेर आला. झोपाळ्यावरून साहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते 'बघतो' म्हणाले नाहीत. "नागपूरला या," म्हणाले. "तिथं मांडू."

डिसेंबरात आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूरला निघालो. बायकांनी हक्काच्या रजा टाकल्या होत्या. दवाखान्याच्या साहेबानं विचारलं, रजेचं कारण काय? झुंबरबाईंनी 'देवदर्शन' लिहून दिलं. निशाला रजा टाकायची गरज नव्हती.

भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि मी. गाडीत मला दोन बाकांच्या मध्ये अंथरलं. प्रसेनजीत स्टेशनवर सोडायला आला होता. फौंड्री त्या महिन्यात बंदच होती. तो शालूबाईंना एवढंच म्हणाला, "तुझी एकटीची नोकरी ऱ्हायलीया घरात. सांभाळून बोल."

त्यांनी भाकऱ्यांची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

नागपुरात मोर्चे ठरलेल्या ठिकाणी पोलीस अडवतात. त्या दिवशी आमच्या पुढं शिक्षक होते, मागं कोतवाल, बाजूला आणखी कुणीतरी बँड घेऊन आले होते. प्रत्येकाच्या घोषणा दुसऱ्याच्या घोषणांत मिसळत होत्या. काही वेळ तर आमच्या बायका शिक्षकांच्या वेतनश्रेणीसाठीही ओरडल्या. बांबूच्या अडथळ्यासमोर मला अंथरलं. सगळे बसले. ऊन चांगलं होतं. कोल्हापूरच्या मानानं हवा गार होती.

दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा आमदारसाहेबांची गाडी आली. साहेब उतरले, मागं फोटोग्राफर. ते थेट माझ्यावर आले.

"चपला काढा, सायेब," शालूबाई म्हणाल्या. "मानसं जेवत्यात."

साहेबांनी चपला काढल्या. मग हसत म्हणाले, "काम झालं तुमचं. मंत्र्यांशी बोललोय. आता जे कायम हायत त्यांना निवृत्तीपर्यंत धक्का लागणार न्हाय. सुट्ट्या, रजा, सुई टोचली तर उपचार, समदं हाय तसं. संध्याकाळी सभागृहात मंत्री जाहीर करत्यात."

लोक उभे राहिले. टाळ्या झाल्या. चन्नवीरअण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. फोटोग्राफरनं साहेबांना जरा डावीकडं सरकायला सांगितलं.

निशा खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत होती. मोडून तो तसाच हातात धरला होता.

"आन् हिचं काय?" शालूबाईंनी विचारलं.

"हिचं म्हंजे?"

"ही निशा. हिला सुई टोचली. हिला काडून टाकलं."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. "ताई, ती कंत्राटदाराची बाई. सरकारची न्हाय. त्यात आमाला काय करता येत न्हाय."

"सुई कुणाची हुती?" शालूबाई म्हणाल्या. "कंत्राटदाराची का सरकारची?"

साहेबांनी तोंड उघडलं. मग फोटोग्राफरकडं बघितलं. फोटोग्राफर कॅमेऱ्यात बघत होता.

अण्णा वाकून शालूबाईंच्या कानाशी आले. "अक्का, आपण जे मागितलं ते मिळालंय. आता वाढवू नका. हे चिडले तर हातातलं जाईल. मी वीस जणींच्या घरी काय सांगू?"

अण्णांचं चुकत नव्हतं, आणि हे शालूबाईंना कळत होतं. त्या माझ्या कडेचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होत्या. पुन्हा सोडवत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. घाबरलेल्या माणसाचा हात मला नीट कळतो. तो हात घाबरलेला होता.

"मिळालं त्येचा आनंद हाय, आण्णा," त्या शेवटी म्हणाल्या. "पर हिला हितनं उठवून मी एकटी कशी जाऊ? आज ती उठली तर उद्या तिच्या जागंवर मीच हाय. मी काय उठत न्हाय. ज्येला उठायचं त्येनं उठावं. माजा राग न्हाय."

काही पुरुष पानाच्या टपरीकडं गेले. झुंबरबाईंनीही चप्पल घातली, त्या दहा पावलं गेल्या आणि परत आल्या.

"काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"पिशवी ऱ्हायली," झुंबरबाई म्हणाल्या. पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती. चप्पल काढून त्या शालूबाईंना चिकटून बसल्या. मग एकेक करून बाकीच्या बायका बसल्या. पान खाऊन पुरुषही आले. सगळ्यांत शेवटी अण्णा बसले. त्यांनी चष्मा पुन्हा पुसला, पण या वेळी आनंदानं नाही.

साहेब तसेच उभे. फोटो अजून झाला नव्हता आणि लोक खाली बसलेले. उभ्या आमदाराच्या पायाशी चिडलेल्या बायका, असा फोटो छापून येऊन चालणार नव्हता. त्यांनी चपला घातल्या आणि गाडीत बसून ते आत विधानभवनात गेले.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही. मला आत नेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही रात्र काढली होती त्या आमदार निवासाच्या व्हरांड्यात, चन्नवीरअण्णांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आमदारांनी सभागृहात भर भाषणात सवाल केला होता: 'सुई कोणाची होती? कंत्राटदाराची की सरकारची?' बाकं वाजली होती. आणि मंत्र्यांनी जाहीर केलं होतं, की कायम असलेल्यांच्या जागा त्यांच्या निवृत्तीपर्यंत राहतील. आणि सरकारी दवाखान्याचा कचरा जो कुणी उचलेल, मग तो कायम असो वा कंत्राटी, त्याला सुई टोचली तर सरकारी खर्चानं उपचार आणि भरपगारी रजा मिळेल, आणि त्या कारणावरून कुणालाही काढता येणार नाही.

बायकांनी निशाला मिठ्या मारल्या. ती रडत होती आणि अजून काल काय झालं ते नीट समजून घेत होती.

अण्णा मात्र संतापले होते. "अक्का, हे तुमचं वाक्य आहे. शब्दाला शब्द. खाली त्यांचं नाव, वर त्यांचा फोटो!"

"वापरू दे की," शालूबाई म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यातलं वाक्य हाय. फुकटच मिळायचं."

निशाच्या तपासण्या झाल्या. त्या काही महिन्यांत ती मुडशिंगीत कुणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नव्हती, आपल्यामुळं कुणाला काही होईल म्हणून. शालूबाई मुद्दाम तिच्या घरी जाऊन तिच्याच तांब्यानं पाणी प्यायच्या. शेवटी सगळं निर्मळ निघालं. मुकादमानं तिला कामावर घेतलं, आणि घेताना आपणच उपकार करतोय असा चेहरा केला.

आमदारसाहेब पुढची निवडणूक जिंकले. प्रचाराच्या पत्रकात सुईचा उल्लेख होता.

आमचा विजय पुरा होता असं मी म्हणणार नाही. 'निवृत्तीपर्यंत' या शब्दाचा अर्थ आम्हाला हळूहळू कळला. झुंबरबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा मिटली. अण्णा निवृत्त होऊन कुरुंदवाडला गेले. दर निरोपाला माझ्यावर बसणारी माणसं कमी होत गेली आणि चिवडा उरू लागला. दोन हजार आठ साली शालूबाई निवृत्त झाल्या. कायम सफाई कामगारांत त्या शेवटच्या. त्यांना खुर्ची दिली. दवाखान्याचे साहेब उणिवेबद्दल बोलले. त्या खुर्चीत बसून समोर बघत होत्या, आणि समोर माझे पट्टे मोकळे दिसत होते.

संघटनेची खोली दवाखान्यानं जुनी औषधं ठेवायला घेतली. कपाट कार्यालयात गेलं. खुर्च्या गेल्या. माझ्याबद्दल कुणी काही ठरवलं नाही, म्हणून मी जिन्याखाली पडून राहिले. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. वर्षभरानं एका सकाळी कुणीतरी मला ओढून बाहेर काढलं आणि भिंतीवर आपटून झटकलं. निशा होती. आता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं.

कंत्राटी बायकांनी आपली स्वतःची संघटना काढली होती. कारणही घडलं होतं. त्यांच्यातली कुणी गरोदर राहिली की कंत्राटदार तिला काढतो, आणि मूल रांगायला लागलं की नव्यानं घेतो. त्यामुळं कितीही वर्षं झाली तरी तिची नोकरी कायम पहिल्याच दिवसाची. बाळंतपणाची रजा हवी, आणि जुनी नोकरी धरली जावी, एवढं त्यांचं मागणं.

म्हणून आज मी पुन्हा एका आमदाराच्या दारात आहे. हे नवे आहेत, तरुण आहेत. यांच्याकडं पडवी नाही. फरशीचं आवार आहे आणि आत थंड हवेची खोली. आतून एक मुलगी येऊन म्हणाली, "साहेब दोघींना भेटतील. बाकीच्यांनी बाहेर थांबावं."

"दोघी येणार न्हाईत," निशा म्हणाली. "यायच्या त्या समद्या, न्हायतर सायबांनी भाईर यावं."

ती मुलगी आत गेली. बराच वेळ गेला. मग साहेब स्वतःच बाहेर आले. शालूबाईही संगतीला आल्यात. गुडघे धरल्यामुळं त्या पायरीवर बसल्यात. साहेबांनी वयाकडं बघून त्यांनाच वाकून नमस्कार केला. "बोला मावशी, काय अडचण?"

"मी न्हवं," शालूबाई म्हणाल्या. "मी निस्तं संगत आलोय. बोलणार ती हाय. तिचं नाव निशा."

साहेब वळले. खुर्ची कुठं दिसते का ते त्यांनी पाहिलं. कुणी आणली नव्हती. निशा जरा बाजूला सरकली आणि माझा तांबडा पट्टा तिनं हातानं साफ केला.

"बसा की, पावणं."

ते क्षणभर घोटाळले. मग बूट काढले आणि बसले. मला भीती होती, की आमदाराचं वजन पेलायची आता माझ्यात ताकद नसेल. पण ते बाकीच्यांएवढंच भरलं.

मी इथं थांबते. निशानं बोलायला सुरुवात केलीय, आणि मला ऐकायचंय. तुम्हीही जरा गप्प राहा.